जाहीर पाठिंबा, खासगी मत

1977 सालच्या लोकसभा निवडणुकीत पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचाराला बाहेर पडले. ज्यांनी त्या सभा ऐकल्या, त्यांच्यापुढे आजही तो विषय काढायचा तर आधी चहाची सोय करून बसावं लागतं. माझे मामा त्यांतलेच. मैदान कसं भरलं होतं, पोरं कुठेकुठे चढून बसली होती, पु. लं.नी नुसतं श्रोत्यांकडे पाहिलं तरी हशा कसा पिकला होता, हे सगळं ते कालपरवा घडल्यासारखं सांगतात. आणीबाणीत तुरुंगवास भोगून आलेल्या दुर्गाबाई भागवतही तेव्हा प्रचारात होत्या, त्यामुळे त्यांचीही आठवण निघते. मग शेवटी मामांचं ठरलेलं वाक्य येतं : "त्या सभांनी सरकार पाडलं."

मामांचा मान राखून मी निकालाचे आकडे काढले. पुण्यातून जनता पक्षाचे मोहन धारिया निवडून आले, मुंबईत काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही, इथवर मामांचं बरोबर. पण अख्ख्या महाराष्ट्रात 48 पैकी 20 जागा काँग्रेसने राखल्या. आणि उत्तर प्रदेशात? 85 पैकी शून्य. बिहारात 54 पैकी शून्य. म्हणजे जिथे पु. लं.चं एक वाक्य कोणाच्या कानावर गेलं नव्हतं, तिथे काँग्रेस मुळासकट गेली. आणि जिथे ते गावोगाव बोलले, तिथे 20 जागा आल्या. तिकडे माणसांना धरून नसबंदीच्या टेबलावर नेलं होतं. त्यांचं मन वळवायला वक्ता लागला नाही.

हे मी मामांना सांगितलं. मामा जराही डगमगले नाहीत. "पु. ल. बोलले नसते तर 20 च्या 40 झाल्या असत्या. 71 साली किती होत्या बघ." बघितल्या. 45 पैकी 42 होत्या.

आता यावर काय बोलणार? पु. ल. ज्यात बोललेच नाहीत असा एक 1977 सालचा महाराष्ट्र आणून शेजारी ठेवता आला, तर या वादाचा निकाल लागेल. तशी सोय नाही. म्हणून मामा विजयी, आणि म्हणूनच थोरामोठ्यांच्या पाठिंब्याने मतं फिरतात की नाही या प्रश्नावर गेली पन्नास वर्षं ओसरीपासून ओटीटीपर्यंत सगळीकडे चर्चा चालू आहे.

तरी 2019 साली महाराष्ट्राने या प्रश्नाची जवळपास प्रयोगशाळेत व्हावी तशी चाचणी घेतली. मनसेचा एकही उमेदवार लोकसभेला उभा नव्हता. तरी राज ठाकरे सभा घेत फिरत होते. नांदेड, सोलापूर, इचलकरंजी, सातारा, पुणे, महाड. स्वतःसाठी मत मागायचं नाही, ज्यांच्या फायद्याचं बोलतोय त्यांचं चिन्हही घेऊन फिरायचं नाही, फक्त मोदींना मत देऊ नका एवढं सांगायचं. असा प्रचारक मतदाराने पूर्वी पाहिला नव्हता. "लाव रे तो व्हिडिओ" म्हटलं की मागच्या पडद्यावर जुनं भाषण सुरू. सोलापुरात तर त्यांनी 'डिजिटल गाव' हरिसालच्या जाहिरातीत झळकलेला तरुणच व्यासपीठावर आणून उभा केला. टाळ्या, शिट्ट्या, मोबाइलचे दिवे. ते चार शब्द घराघरांत पोचले. आमच्या ऑफिसात साहेब प्रेझेंटेशन सुरू करायला सांगत, तेव्हा मागच्या खुर्चीवरून कोणीतरी हळूच तेच म्हणायचं आणि साहेबही हसायचे.

निकाल लागला. भाजप-शिवसेना युतीला 48 पैकी 41. नांदेड युतीकडे, सोलापूर युतीकडे, इचलकरंजी ज्या हातकणंगल्यात येतं तेही युतीकडे. सातारा आणि महाड ज्यात येतं तो रायगड तेवढे राष्ट्रवादीला मिळाले, आणि साताऱ्यात राष्ट्रवादीचे उमेदवार उदयनराजे होते. तिथल्या विजयाचं श्रेय बाहेरून आलेल्या वक्त्याला द्यायचं म्हटलं तर सातारकर ऐकून घेणार नाहीत.

पाच वर्षांनी, 2024 च्या गुढीपाडव्याला, त्याच राज ठाकऱ्यांनी शिवाजी पार्कवर नरेंद्र मोदींना बिनशर्त पाठिंबा जाहीर केला. मुंबईच्या मतदानाआधी तीन दिवस दोघे त्याच मैदानावर एका व्यासपीठावर आले. आता हे मैदान ज्या दक्षिण मध्य मुंबई मतदारसंघात येतं, तिथे निवडून आले शिवसेनेच्या ठाकरे गटाचे अनिल देसाई. शहरातल्या सहापैकी चार जागा महाविकास आघाडीला गेल्या. कणकवलीत राज ठाकऱ्यांनी नारायण राण्यांसाठी सभा घेतली होती, तिथे मात्र राणे जिंकले. पण राणे यांना कणकवलीत ओळख करून देणारं माणूस लागतं असं समजणारा कोकणात भेटणं कठीण.

मला या दोन्ही निवडणुकांत मजा वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. 2019 ला विरोध, 2024 ला पाठिंबा, आणि दोन्ही वेळा गर्दी तितकीच. त्या गर्दीतले कितीतरी चेहरे दोन्ही वेळा तेच असणार. त्यांना बदललेल्या भूमिकेचा काही त्रास झाला नाही, कारण ते भूमिका घ्यायला आलेच नव्हते. भाषण ऐकायला आले होते. मराठी माणसाला फड, कीर्तन, व्याख्यानमाला आणि राजकीय सभा या चारही गोष्टी एकाच ओढीने खेचतात. वसंत व्याख्यानमालेला अर्थसंकल्पावरचं भाषण दाद देऊन ऐकणारा माणूस घरी जाऊन लगेच बजेट करायला बसत नाही. तसंच हे. सभेत शिट्टी वाजवून घरी आलेला माणूस जेवतो, दुसऱ्या दिवशी कामाला जातो आणि मतदानाच्या दिवशी त्याला जे करायचं ते करतो.

बिनशर्त पाठिंब्याचा पुढचा अंक त्याच वर्षी नोव्हेंबरात माहीमला झाला. विधानसभेला राज ठाकऱ्यांचे चिरंजीव अमित ठाकरे उभे राहिले. त्यांना पाठिंबा द्यावा असं भाजपचे नेते उघडपणे म्हणाले. पण मित्रपक्षाचे, म्हणजे शिंदे गटाचे, सदा सरवणकर काही अर्ज मागे घेईनात. पाठिंबा असा दोन दगडांवर उभा राहिला, आणि जिंकले तिसरेच : ठाकरे गटाचे महेश सावंत. अमित ठाकरे तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

2024 च्याच लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिमेला रवींद्र वायकर जिंकले ते 48 मतांनी. माझ्या मते पाठिंब्याच्या इतिहासात हा सुवर्णकाळ. लाखाच्या फरकाने जिंकलेला उमेदवार सगळ्यांचे आभार मानतो आणि कोणाचाच मिंधा नसतो. 48 मतांनी जिंकलेल्याचं तसं नाही. तिथे पंतप्रधानांच्या सभेपासून चाळीच्या वॉचमनपर्यंत ज्याने ज्याने म्हणून पाठिंबा दिला, त्या प्रत्येकाचा दावा खरा. ज्याच्या घरात आजी, आजोबा, दोन काका आणि त्यांच्या सुना धरून दहाबारा मतं आहेत, तो माणूस त्या मतदारसंघात पाच वर्षं ताठ मानेने फिरणार.

दक्षिणेत हे प्रकरण आणखी ठळक आहे, कारण तिथे पाठिंबा देणारा माणूस पडद्यावर तीस फूट उंच दिसत असतो. 1996 साली रजनीकांत यांनी जयललितांच्या विरोधात भूमिका घेतली आणि द्रमुक व मूपनारांच्या तमिळ मानिला काँग्रेसच्या आघाडीला पाठिंबा दिला. अण्णाद्रमुकच्या चार जागा आल्या, खुद्द जयललिता हरल्या. सगळे म्हणाले, बघा, ही ताकद. मग 2004 आलं. रजनीकांत पीएमके या पक्षावर रागावलेले होते, त्यांनी चाहत्यांना पीएमकेच्या सहा जागांवर त्या पक्षाला पाडायला सांगितलं. पीएमके सहाच्या सहा जिंकला. माणूस तोच, चाहते तेच, सिगारेट उडवून ओठांत झेलायची लकबही तीच. फरक एवढाच की 1996 साली लोक जयललितांवर आधीच चिडलेले होते आणि 2004 साली पीएमकेवर चिडायला त्यांना काही कारण नव्हतं. नायकाच्या रागात सामील होण्याइतका रिकामा वेळ चाहत्याकडेही नसतो.

आपल्याकडे मात्र याहून बारीक काम चालतं. बारामतीचं उदाहरण घ्या. 2024 च्या मे महिन्यात लोकसभेला नणंद-भावजय समोरासमोर. एकीकडे सुप्रिया सुळे, त्यांच्या पाठीशी शरद पवार. दुसरीकडे सुनेत्रा पवार, त्यांच्या पाठीशी अजित पवार. बाकीच्या देशात मतदार दोन पक्षांत निवड करतो, इथे एकाच कुटुंबातल्या दोन पाठिंब्यांत निवड करायची. ज्या घराने गावात शाळा आणली, दूधसंघ आणला, पोराला नोकरी लावली, त्या घराच्या दोन्ही टोकांना नमस्कार करायचा आणि बटण एकच दाबायचं. लोकांनी सुप्रियाताईंना दीड लाखाहून जास्त मताधिक्याने निवडून दिलं. खुद्द बारामती विधानसभा क्षेत्रातच त्यांना जवळपास 48 हजारांची आघाडी होती. विश्लेषकांनी लगेच लिहिलं की साहेबांचा शब्द चालला, दादांचा चालला नाही.

सहा महिन्यांनी विधानसभा. पुन्हा घरातलीच लढत, आता काका-पुतणे. साहेबांचा पाठिंबा युगेंद्र पवारांना. त्यांनी सभा घेतल्या, त्या वयात, तब्येत तशी असताना घेतल्या. आणि त्याच बारामतीने अजित पवारांना लाखाहून जास्त मतांनी निवडून दिलं.

मग साहेबांचा शब्द मे महिन्यात चालला आणि नोव्हेंबरात चालेनासा झाला म्हणायचं का? बारामतीत हे कोणी असं मांडत नव्हतं. तिथे लोकसभेच्या आधीपासून बोललं जात होतं, "लोकसभेला ताई, विधानसभेला दादा." संपला विषय. दोन थोर माणसं दोन बाजूंनी हात धरून ओढत असताना बारामतीकराने दोघांनाही निराश न करता दोन खुर्च्यांची वाटणी करून टाकली होती. दोन्ही पाठिंबे त्याने ऐकले, दोन्हींना मान डोलावली, आणि मनात कधीच ठरवून ठेवलेलं तेच केलं. दिल्लीहून आलेल्या वार्ताहरांना हे कळायला नोव्हेंबर उजाडावा लागला, कारण त्यांनी विचारलं होतं, "तुमचा पाठिंबा कोणाला?" आणि या प्रश्नाला आपल्याकडे खरं उत्तर द्यायची पद्धत नाही.

सांगलीत तर त्याच लोकसभेला पाठिंबा उलटाच वाहिला. महाविकास आघाडीत ती जागा ठाकरे गटाला गेली आणि उमेदवारी मिळाली पैलवान चंद्रहार पाटलांना, डबल महाराष्ट्र केसरी. तीन पक्षांचा अधिकृत, सही-शिक्क्यानिशी पाठिंबा त्यांना. पण वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, लिफाफा चिन्ह घेऊन. काँग्रेसवाल्यांचं मन कुठे आहे हे सांगलीत सगळ्यांना ठाऊक होतं, व्यासपीठावर बोललं तेवढं जात नव्हतं.

माझी आत्या तिकडचीच. तिला मी फोनवर विचारलं, काय हवा आहे?

"हवा बिवा काही नाही. ऊन मरणाचं आहे. लिफाफ्याला द्यायचं ठरलंय."

"पण आघाडीचा उमेदवार तर वेगळा आहे ना?"

"आहे की. चांगला मुलगा आहे हो, पैलवान आहे. सभा पण झाली त्याची."

"मग लिफाफा कोणी ठरवलं?"

"ठरवायला कशाला हवं कोणी? ठरलंय."

विशाल पाटील सुमारे एक लाखाच्या फरकाने निवडून आले. तीन पक्षांच्या जाहीर पाठिंब्याचे उमेदवार साठ हजारांच्या आसपास थांबले. आणि निकाल लागल्यावर विशाल पाटलांनीच काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं. म्हणजे निवडणुकीआधी ज्यांनी पाठिंबा द्यायचा त्यांनी तो दुसरीकडे दिला, आणि निवडणुकीनंतर ज्याला तो मिळाला नव्हता त्याने तो परत केला. हे आत्याला समजावून सांगायला गेलो तर ती म्हणाली, "घरातलंच आहे ते सगळं. तू कशाला त्रास करून घेतोस?"

आत्याच्या त्या 'ठरलंय'ला समाजशास्त्रात जागा आहे. 1940 साली अमेरिकेत रूझवेल्ट आणि विल्की यांची लढत होती, तेव्हा पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या ईरी परगण्यात मुक्काम ठोकला. सहाशे मतदार निवडले आणि मे ते नोव्हेंबर पुनःपुन्हा त्यांनाच जाऊन विचारलं. रेडिओ आणि वर्तमानपत्रं लोकांची मतं कशी फिरवतात हे त्यांना पाहायचं होतं. बहुतेक वर्तमानपत्रं तेव्हा विल्कींच्या मागे होती. पण पाहणीत दिसलं ते असं की एवढ्या गदारोळात बाजू बदलणारे अगदी मूठभर, बाकीचे आधी जिथे होते तिथेच आणखी घट्ट बसलेले. आणि जे डळमळीत होते, त्यांचं ठरलं ते ओळखीच्या माणसाशी बोलून : शेजारी, कारखान्यातला सोबती, घरचं कोणी. मोठ्यांचा आवाज आधी या मधल्या माणसांपर्यंत जातो, आणि ती गाळून, आपलं मीठमसाला घालून तो पुढे देतात. रूझवेल्ट जिंकले. सांगलीच्या वाड्यात आत्याच्या ओळखीची अशी मधली माणसं कोण, हे मला अजून शोधता आलेलं नाही, पण मला संशय आहे की ती स्वतःच आहे.

मोठ्या नावाचा पाठिंबा कधीच चालत नाही असं मात्र नाही. 2008 च्या अमेरिकी अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षातली उमेदवारी ठरायची होती तेव्हा ओप्रा विन्फ्री ओबामांच्या मागे उभ्या राहिल्या. दोन अर्थशास्त्रज्ञांनी पुढे बसून हिशेब केला. जिथे ओप्रांच्या मासिकाचा खप जास्त, तिथे ओबामांना मतंही जास्त. आणि त्यावरून त्यांनी सुमारे दहा लाख मतांचा अंदाज बांधला. पण ती लढत एकाच पक्षातल्या दोघांची होती, हिलरी क्लिंटन आणि ओबामा. दोघंही आपलीच, मग कोणाला द्यायचं, अशा वेळी आवडत्या बाईंनी सांगितलेलं उपयोगी पडतं. 2024 ला टेलर स्विफ्टने मांजराला उचलून घेऊन काढलेल्या फोटोसह कमला हॅरिसना पाठिंबा दिला. त्यात तिने दिलेल्या दुव्यावरून एका दिवसात चार लाख लोक मतदार नोंदणीच्या सरकारी पानावर जाऊन पोचले. निवडणूक ट्रम्प जिंकले. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाची मुलगी त्या आठवड्यात फार उत्साहात होती. ती तेरा वर्षांची आहे.

दोघंही आपलीच, मग कोणाला द्यायचं, ही अडचण आपल्याकडे ग्रामपंचायतीत दिसते. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं. कपाट, शिट्टी, छत्री यांत माणसाने काय विचारधारा शोधायची? मग अमुक पॅनेलमागे अण्णा आहेत आणि तमुक पॅनेलमागे तात्या, ही माहिती मतदाराला खरोखर हवी असते. तिथे पाठिंब्याला वजन असतं आणि ते किलोत मोजता येतं. निकालानंतर मात्र सगळेच पक्ष ग्रामपंचायती आपल्याच म्हणून सांगतात आणि त्यांच्या दाव्यांची बेरीज गावांच्या संख्येपेक्षा जास्त भरते, पण तो वेगळा विषय.

चिन्ह आलं की अण्णा-तात्यांचं काम संपतं. तरी पाठिंबे थांबत नाहीत. निवडणूक जवळ आली की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तो फोटो येऊ लागतो : सातआठ माणसं, मध्ये उमेदवार, आणि सगळ्यांनी मिळून हात लावलेला एक ए-फोर कागद. अमुक रिक्षा संघटनेचा, तमुक समाजाच्या जिल्हा शाखेचा, निवृत्त कर्मचारी मंडळाचा जाहीर पाठिंबा. कागदावर गोल शिक्का. शिक्क्यात संस्थेच्या नावाभोवती नोंदणी क्रमांक, अर्धवट उठलेला. आठपैकी सहा जणांचं लक्ष कॅमेऱ्याकडे असतं, एकजण पत्र वाचत असतो, आणि उमेदवार तिसऱ्याच कोणाकडे तरी पाहून हसत असतो. त्या संघटनेतल्या किती जणांची मतं या कागदाबरोबर सरकली? फोटोतल्या आठांचीही खात्री देता येत नाही. पण फोटोतली ती आठ नावं उमेदवाराच्या लक्षात राहतात, आणि पत्राचा पत्ता मुळात तोच असतो. उद्या परवाना अडला, बदली हवी असली, सभागृह मंजूर करून घ्यायचं असलं, तर "आम्ही तुमच्यासोबत होतो" हे सांगायला पुरावा हाताशी असावा. पाठिंब्याचं पत्र मतदारासाठी लिहिलं जातं असं आपण उगाचच धरून चालतो.

फ्लेक्सचंही तेच. वरच्या ओळीत दिल्लीचे नेते, त्यांच्याखाली मुंबईचे, मग जिल्ह्याचे, आणि तळाला शुभेच्छुकांची पंचवीस-तीस तोंडं, सगळी गॉगल लावून. लग्नपत्रिकेत शेवटी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिंटू, पिंकी, बबडी असतात ना, तेच काम ही तोंडं करतात. लग्नाला यायचं की नाही ते कोणी चिंटूवरून ठरवत नाही. पण चिंटूचं नाव राहिलं तर काय होतं, ते पत्रिका छापणाऱ्याला विचारा.

पाठिंबा देणाराच आला नाही तर काय होतं, हे 12 मार्च 2014 ला दिल्लीच्या रामलीला मैदानाने पाहिलं. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजाऱ्यांनी ममता बॅनर्जींना पाठिंबा दिला होता, दोघांची मिळून मोठी सभा ठरली. तीन वर्षांपूर्वी याच मैदानावर अण्णांच्या उपोषणाला माणूस मावत नव्हता. या वेळी मैदानावर खुर्च्या जास्त आणि माणसं कमी, आणि अण्णा आलेच नाहीत. ममताबाई बोलून परत गेल्या. दिल्लीत त्यांच्या पक्षाला काही मिळालं नाही. पण बंगालात, जिथे अण्णांचा पाठिंबा असला काय आणि नसला काय कोणाला फरक पडत नव्हता, तिथे त्यांनी 42 पैकी 34 जागा जिंकल्या.

हे सगळं मोठ्या मैदानांचं झालं. आमच्या सोसायटीत महापालिकेच्या निवडणुकीआधी जे झालं ते साठेक फ्लॅटपुरतं. एका उमेदवाराने आवारात पेव्हर ब्लॉक बसवून द्यायचं कबूल केलं, आणि आचारसंहिता लागायच्या आत बसवूनही दिले. त्या बदल्यात गेटवर फ्लेक्स लागला : 'सोसायटीच्या सर्व सभासदांचा जाहीर पाठिंबा.' खाली चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार यांचे फोटो. चेअरमनचा फोटो त्यांच्या मुलीच्या लग्नातला, फेट्यासकट.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "सर्व सभासद म्हणजे कोण? मला कोणी विचारलं?" सेक्रेटरी म्हणाले, "काकू, ती लिहायची पद्धत आहे." दुसऱ्या विंगेतल्या एका गृहस्थांनी हा ठराव सर्वसाधारण सभेत झालेला नाही, सबब उपनिबंधकांकडे तक्रार करतो, असं पत्र सूचना फलकावर लावलं. त्याच्या शेजारच्या फ्लॅटने बाल्कनीत दुसऱ्याच पक्षाचा झेंडा लावला. पाऊस नव्हता तरी त्याखाली रोज टॉवेल वाळत असत, त्यामुळे झेंडा नक्की कोणता ते खालून दिसत नसे. लिफ्टमध्ये सगळे एकमेकांशी नेहमीसारखंच बोलत. मतदानाच्या दिवशी सगळे सकाळी चालत जाऊन आले, शाईची बोटं गेटवरच्या फ्लेक्ससमोर धरून फोटो काढले आणि सगळ्यांनी सांगितलं की ब्लॉक छान बसलेत.

उमेदवार पडला. आमच्या केंद्रावरही त्याला मागेच राहावं लागलं, असं नंतर आकडे आले तेव्हा कळलं.

निकालाच्या संध्याकाळी सेक्रेटरी मला फ्लेक्सवाल्याच्या दुकानात भेटले. मी पुतण्याच्या बारशाचा बोर्ड न्यायला गेलो होतो. ते काउंटरवर वाकून नव्या नगरसेवकांचं नाव लिहून देत होते. वर 'हार्दिक अभिनंदन', खाली 'सोसायटीचे सर्व सभासद'. कॉम्प्युटरवरच्या मुलाने जुनी फाइल उघडली, तिघांचे फोटो उचलून नव्या पानावर ठेवले आणि विचारलं, "चेअरमनसाहेबांचा फेटा तोच ठेवू का भगवा करू?"

सेक्रेटरींनी नगरसेवकांच्या पक्षाचं चिन्ह एकदा बघितलं. म्हणाले, "तोच राहू दे. पार्किंगचे ब्लॉक राहिलेत अजून, त्याला फोन करावा लागेल."